सहा इलेक्ट्रॉनांचा षट्कोन का मोडतो?

प्रश्न: एका प्रतलात, वाटीसारख्या परवलयाकार विभवात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या किमान ऊर्जेच्या रचना मी संगणकावर काढत आहे. पाचापर्यंत सर्व इलेक्ट्रॉन एकाच वर्तुळावर नियमित बहुभुज करून बसतात. सहावा घातला की मात्र एक मधोमध जातो आणि भोवती पंचकोन उरतो. क्वांटम डॉटच्या (अर्धवाहकात मोजके इलेक्ट्रॉन कोंडणाऱ्या अतिसूक्ष्म रचनेच्या) संदर्भात तर २, ६, १२ या भरलेल्या कवचांच्या संख्या मानल्या जातात. मग सहावर रचना मोडते की पूर्ण होते?

प्रतिसाद १: आपली आकडेमोड बरोबर आहे. मध्यभागी बसणाऱ्याला विभवाची ऊर्जा शून्य पडते, पण त्या बदल्यात बाकी सर्वांचे प्रतिकर्षण जवळून सोसावे लागते. पाचांना हा सौदा परवडत नाही, कारण (१,४) रचनेची, म्हणजे मधोमध एक आणि भोवतीच्या कड्यावर चार, ऊर्जा पंचकोनापेक्षा सुमारे १.२ टक्के जास्त भरते. सहांना तो परवडतो, पण जेमतेमच, कारण षट्कोन (१,५) पेक्षा फक्त ०.७ टक्क्यांनी महाग आहे. पुढे नऊला (२,७), पंधराला (५,१०) आणि सोळाला पुन्हा मधोमध एक, म्हणजे (१,५,१०), अशी रचना मिळायला हवी. ती ताडून पाहा.

प्रतिसाद २: गोंधळ 'कवच' या एकाच शब्दाचा आहे. आपली कवचे म्हणजे जागेतील कडी. २, ६, १२ ही ऊर्जापातळ्यांची कवचे. परवलयाकार विभवातील पातळ्या समान अंतरावर असतात, त्यांत अनुक्रमे १, २, ३ कक्षके असतात आणि प्रत्येक कक्षकात विरुद्ध स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून २, मग २+४, मग २+४+६. तारुचा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उभ्या क्वांटम डॉटमध्ये नेमक्या या संख्यांना पुढचा इलेक्ट्रॉन घालणे विशेष महाग पडते असे मोजले. या मोजमापाच्या आलेखात चारला दिसलेला लहानसा उंचवटा हुंडच्या नियमाचा, म्हणजे समान ऊर्जेच्या कक्षकांत इलेक्ट्रॉन आधी एकेकटे, समांतर स्पिनने बसतात याचा. प्रतिकर्षण गतिज ऊर्जेपेक्षा फार प्रबळ झाले, उदाहरणार्थ द्रव हेलियमच्या पृष्ठभागावरील विरळ इलेक्ट्रॉनांत, की आपली कडी खरी ठरतात.

प्रश्नकर्ता: मग क्वांटम गणनेत घनता गोलच का दिसते?

प्रतिसाद २: विभव वर्तुळाकार असल्याने पंचकोनाला कोणतीही एक दिशा पसंत नसते, सर्व दिशांची सरासरी होऊन कडे उरते. बाहेरच्या कड्यावरील एका इलेक्ट्रॉनाची जागा पक्की धरून इतरांची संभाव्यता काढली, तर पंचकोन दिसू लागतो.

प्रतिसाद ३: थोडे अवांतर. मेयर यांनी १८७८ मध्ये बुचांत खोचलेल्या चुंबकित सुया पाण्यावर तरंगवून अशाच आकृत्या मिळवल्या होत्या, आणि जे. जे. थॉमसन यांनी १९०४ च्या अणुप्रतिमानात त्यांचा दाखला दिला. धनभाराच्या एकसमान गोलातील विभवही परवलयाकारच असतो, त्यामुळे त्यांनाही सहाव्यासाठी एक कण मध्यभागी बसवावा लागला.