आई गेल्यानंतर भावंडांमधला संवाद टिकवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही चार भावंडे आहोत. दादा सर्वांत मोठा, त्यानंतर दोन बहिणी आणि मी शेंडेफळ. चौघेही वेगवेगळ्या शहरांत राहतो. आमच्यात भांडण झालेले नाही, मालमत्तेवरून वाद नाही, कुणाच्या मनात कुणाविषयी अढी आहे असेही मला कधी जाणवलेले नाही. तरीही आई गेल्यापासून आमचे एकमेकांशी बोलणे हळूहळू कमी होत चालले आहे, आणि हे असेच चालू राहिले तर काही वर्षांनी आम्ही केवळ लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक होऊन राहू, अशी मला मनापासून भीती वाटते.

वडील आधीच गेले होते, त्यामुळे घराचा सगळा संवाद आईभोवती फिरत असे. तिला फोन केला की ताईच्या मुलाची परीक्षा कशी झाली, दादाच्या बदलीचे काय झाले, धाकट्या ताईची पाठदुखी कितपत कमी झाली, हे सारे आपोआप कळत असे. आम्ही एकमेकांना थेट फोन क्वचितच करत होतो, कारण त्याची गरजच भासत नव्हती. ‘तिला एकदा फोन कर, ती जरा काळजीत आहे’ एवढे आईने म्हटले की तो फोन त्याच दिवशी होत असे. शिवाय, एखाद्याने रागाच्या भरात दुसऱ्याविषयी काही बोलून टाकले, तर ते आईपाशीच थांबत असे. पुढे पोहोचायचे ते फक्त त्यामागचे दुःख, तेही सौम्य शब्दांत. ती हे किती कौशल्याने करत होती, हे आता तिच्या पश्चात लक्षात येते आहे.

आमचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे आणि तो रोज चालू असतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मुलांचे फोटो, इकडून तिकडे पाठवलेले (फॉरवर्ड) संदेश, सगळे नियमित येते. माझ्या मते अडचण इथेच आहे. ग्रुपवर हालचाल दिसत राहिल्यामुळे आपण संपर्कात आहोत असे सर्वांना वाटते, पण कुणाच्या आयुष्यात काय अवघड चालले आहे याचा त्यावर मागमूसही नसतो. मध्यंतरी दादाची एक शस्त्रक्रिया झाली, आणि ती झाल्यानंतर बऱ्याच दिवसांनी वहिनींच्या बोलण्यातून आम्हाला समजले. ‘तुम्हाला उगाच काळजी कशाला’ असे दादाचे म्हणणे होते. त्याचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण आई असती तर हे आम्हाला आदल्या दिवशीच कळले असते आणि आमच्यापैकी कुणीतरी त्याच्यापाशी असते.

आम्ही महिन्यातून एकदा चौघांनी व्हिडिओ कॉल करण्याचा प्रयत्न करून पाहिला. चौघे एकदम असले की ज्यांना बोलण्याची सवय आहे तेच बोलतात, बाकीचे ऐकतात आणि मनातले कुणीच सांगत नाही. पुढे कुणाला वेळ नसे, कुणाची बैठक असे, आणि ते कॉल बंद पडले.

मला प्रामुख्याने दोन गोष्टींबाबत सल्ला हवा आहे. पहिली मोठ्या ताईविषयी आहे. आईची जागा आता तीच घेईल असे सर्वांनी न बोलता गृहीत धरले आहे. तिची नोकरी आहे, घरात सासूबाईंचे दीर्घ आजारपण आहे, आणि तरीही सर्वांची चौकशी तिनेच करावी ही अपेक्षा मला अन्यायकारक वाटते. एका व्यक्तीवर भार न टाकता हे काम कसे होऊ शकते? दुसरी गोष्ट दादाविषयी आहे. त्याच्या आणि माझ्या वयात खूप अंतर आहे. त्याच्याबद्दल आदर आहे, प्रेमही आहे, परंतु कामापलीकडे आम्ही दोघे कधी बोललेलोच नाही. केवळ ‘कसा आहेस’ विचारण्यासाठी फोन केला की दोन मिनिटांत विषय संपतो. ज्यांनी अशा परिस्थितीतून मार्ग काढला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

तुमचा प्रश्न वाचून आमचेच घर डोळ्यांसमोर आले. तुमच्या आई जे करत होत्या, त्याचा समाजशास्त्रात स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. कॅनडातील कॅरोलिन रोझेन्थाल यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कुटुंबातल्या सर्वांना एकमेकांशी जोडून ठेवण्याचे काम कुणी करते का, असे लोकांना विचारले होते. निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्याकडे अशी व्यक्ती असल्याचे सांगितले. त्या व्यक्ती बहुतांशी स्त्रिया होत्या, आणि ही जबाबदारी अनेकदा आईकडून मुलीकडे जाते असेही दिसले. त्यामुळे ताईंविषयी तुम्हाला जे वाटते ते अगदी योग्य आहे. हे काम आहे असे कुणी म्हणत नाही, म्हणून ते वाटूनही घेतले जात नाही. आमच्याकडे आम्ही ते उघडपणे वाटून घेतले. आजारपणाची बातमी सर्वांना कळवणे एकाकडे, भेटीची तारीख ठरवून ती पार पाडणे दुसऱ्याकडे, वयस्कर काका-आत्यांची विचारपूस तिसऱ्याकडे. वाटणी तंतोतंत पाळली जात नाही, पण निदान सगळे एकीवरच पडत नाही.

चौघांच्या कॉलऐवजी दोघा-दोघांत बोला. मनातले बोलणे दोघांतच होते, असा माझा अनुभव आहे. संदेश पाठवण्यापेक्षा फोन करणे अवघड वाटते, हेही स्वाभाविक आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ च्या संशोधनात जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला लोकांना सांगितले होते. ईमेलपेक्षा फोनवर अधिक अवघडल्यासारखे होईल असा त्यांचा अंदाज होता, पण तसे झाले नाही. उलट आवाज ऐकल्यामुळे जवळीक अधिक जाणवली.

दादांशी बोलण्यासाठी निमित्त घेऊन जा. ज्या गोष्टीत त्यांना गती आहे तिच्याविषयी खरोखर सल्ला विचारा, किंवा दोघांनी मिळून करायचे एखादे काम काढा. घरचे जुने फोटो लावणे, कोणता फोटो कोणत्या सालचा हे आठवून लिहिणे, असे काहीही चालेल. काम हातात असले की अबोल माणसेही बोलू लागतात. शस्त्रक्रियेचा विषय मात्र तक्रार म्हणून काढू नका. ‘पुढच्या वेळी मला आधी सांगशील का, मला तुझ्यापाशी यायला आवडेल’ एवढेच म्हणा, आणि तुमच्या घरी काही झाले तर ते तुम्ही स्वतः आधी सांगा.

थोडा दिलासाही देते. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा सोडून बाहेर पडलेल्या तरुणांच्या नात्यांचा १८ महिने मागोवा घेतला, तेव्हा संपर्क कमी झाल्यावर मैत्री लवकर सैल झाली, नातेवाइकांशी असलेली जवळीक मात्र बरीचशी टिकून राहिली. अर्थात, ही मुले तरुण होती आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पाठीशी आईवडील असणार, त्यामुळे तुमच्या वयाच्या भावंडांनी या निष्कर्षावर फार विसंबून राहू नये असे मला वाटते.

धागाकर्ता:

इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. जुन्या फोटोंची कल्पना दादाला नक्की आवडेल, कारण आमच्या लहानपणीचे बहुतेक फोटो त्यानेच काढलेले आहेत. त्याला या रविवारी फोन करतो. कामे वाटून घेण्याबाबत मात्र एक शंका उरते. ताईवर भार पडतो हे खरे आहे, पण सर्वांची चौकशी करण्यात तिला आईशी जोडलेले राहिल्यासारखे वाटत असावे, असेही मला अधूनमधून जाणवते. आम्ही तिच्याकडून काही काढून घेत आहोत असे तिला वाटू नये, यासाठी हा विषय आधी तिच्या एकटीशी बोलावा की चौघांसमोर एकदम मांडावा? तुमच्याकडे हे पहिल्यांदा कुणी आणि कसे सुचवले होते, ते सांगितलेत तर मोठी मदत होईल.