‘सांगत्ये ऐका’ गटात वाचायचंय, सुरुवात कशी करावी?

सांजवाचक

वाचनगटात आम्ही सहा जण आहोत, चार बैठका ठरल्या आहेत आणि पुस्तक आहे अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’. त्यावर बेतलेला ‘भूमिका’ हा सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, पुस्तक मात्र कुणीच वाचलेलं नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सिनेमा आधी पुन्हा पाहावा की नंतर? शब्दांकन अरुण साधूंचं आहे, तर आवाज कुणाचा धरायचा? आणि संसाराचा भाग आला की चर्चा हमखास ‘मग सोडून का नाही गेली’ इथे येऊन थांबते. ती पुढे कशी न्यावी?

कोरीपाटी

सिनेमा नंतर, तोही शेवटची बैठक झाल्यावर. बेनेगलांचा ‘भूमिका’ १९७७ चा, पुस्तक १९७० चं. सिनेमा पुस्तकावर बेतलेला असला तरी त्यातली बाई हंसाबाई नाही. ती उषा आहे, पडद्यावरची उर्वशी. तिचा नवरा केशव दळवी, पुस्तकातले जगन्नाथ बंदरकर नव्हेत. स्मिता पाटील आणि अमोल पालेकर यांचे चेहरे एकदा डोक्यात बसले की पुस्तकातलं प्रत्येक वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येतं, आणि जे सिनेमात नाही ते नजरेतून निसटतं. अमरीश पुरींच्या विनायक काळेच्या वाड्याबद्दल तर हे फारच होतं. पुस्तकात त्या जागी मराठवाड्यातलं एक गाव आहे, तिथे हंसाबाई तिसरी बायको म्हणून राहिल्या. तो भाग वाड्याचं चित्र बाजूला ठेवून वाचा.

आता कामाचं. वहीत तीन रकाने आखा: साल, काम, घर. पुस्तकात घटना आठवणींच्या ओघात येतात, सालवारीने नाही, त्यामुळे हा तक्ता नसेल तर दुसऱ्या बैठकीपर्यंत सगळे गोंधळतात. खुंट्या सिनेमांच्या ठोका, कारण ती सालं पक्की आहेत. जन्म १९२३. ‘विजयाची लग्ने’ १९३६, म्हणजे वय १३. बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ १९३९, वय १६. प्रभातचा ‘संत सखू’ १९४१, वय १८. ‘लोकशाहीर रामजोशी’ १९४७, वय २४. ‘पुढचं पाऊल’ १९५०, वय २७. ‘सांगत्ये ऐका’ हा सिनेमा १९५९, वय ३६. पुस्तकाला नाव त्यावरूनच मिळालं. १९७१ मध्ये त्या गेल्या, वय ४८.

प्रत्येक सिनेमापुढे वय लिहाच. ‘संत सखू’त सासुरवास सोसणारी सोशीक सून साकारणारी मुलगी १८ वर्षांची होती, लग्न होऊन गेलेलं होतं आणि घरही तिच्या कमाईवर चाललेलं होतं. हे आकड्यात समोर दिसलं की पुढची पानं वेगळीच वाचली जातात.

दोन चुका टाळा. सिनेमाचं साल हे प्रदर्शनाचं असतं, चित्रण त्याआधी कित्येक महिने चाललेलं असतं. म्हणून ‘अमुक सिनेमाच्या वेळी’ असं त्या सांगतात तेव्हा घटना आदल्या वर्षीची असू शकते. आणि घराच्या रकान्यात अंदाजाने साल भरू नका. पेन्सिलीने लिहा, नाहीतर कोरं सोडा. एकदा शाईने लिहिलं की पुढच्या बैठकीत सगळे तेच खरं धरतात.

ओवीकर

आवाजाबद्दल. शीर्षकातच खूण आहे. ‘सांगते’ नाही, ‘सांगत्ये’. जात्ये, येत्ये, करत्ये हे बोलण्यातलं बाईचं रूप. म्हणजे पुस्तक मुळात बोललेलं आहे, ते समोर बसून ऐकणाऱ्याने कागदावर उतरवलं. ‘माणूस’ साप्ताहिकासाठी साधूंनी हे त्यांच्याकडून ऐकून लिहिलं, मग ‘राजहंस’ने पुस्तक काढलं. सांगणं त्यांचं, मांडणी, जोडणी, कुठे थांबायचं हे बऱ्याच अंशी लेखकाच्या हातचं. दोन्ही मान्य करून वाचावं.

प्रत्येक बैठकीत दोन पानं मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. एका वाक्यात दोन-तीन वर्षं उडाली की समासात फुली मारा. बोलणारा माणूस तिथे काहीतरी टाळत असतो किंवा ते त्याला सांगण्याजोगं वाटत नसतं. कोणतं, ते ठरवायची घाई नको, फुली पुरे. आणि नवऱ्याची बाजू इथे नाही, हेही विसरू नये. आत्मकथन हा खटल्याचा कागद नव्हे. पण एका बाईने हे नावानिशी, १९७० साली, मराठीत सांगितलं याची किंमत त्याने तसूभरही कमी होत नाही.

जुनीरिळं

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातच आहे: त्या सोडून गेल्या होत्या. एकदा घराबाहेर पडल्या आणि पडल्या कुठे, तर दुसऱ्या बंद घरात. म्हणून प्रश्न बदला. ‘का नाही गेली’ऐवजी ‘जायला जागा कुठे होती’ विचारा. पाहा, चर्चा लगेच हलते.

मग दोन गोष्टी शोधत वाचा. पहिली पैसा. प्रत्येक कामासमोर लिहा: करार कुणी ठरवला, पैसे कुणाच्या हातात पडले, खर्च कुणाचा चालला. त्यांच्या कमाईवर आधी माहेर चालतं, मग संसार. नवरा आणि कामाची व्यवस्था पाहणारा माणूस एकच असला की भांडण घरातलं की धंद्यातलं हे वेगळं काढता येत नाही. संशय, मारहाण, गर्भपात, दारू हे सगळं त्या गुंत्यात वाचावं लागतं. जोडीला अभिनेत्री शांता आपट्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक मिळालं तर पाहा. ते १९४० चं, आणि करारावरून त्यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या दारात उपोषण केलं होतं. स्टुडिओत नटीचं स्थान काय होतं ते त्यातून नीट कळतं.

दुसरी कायदा. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ मध्ये बंदी आली आणि हिंदूंना घटस्फोट १९४७ पासून मिळू लागला. म्हणजे लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं कायदेशीर सुटकेची वाटच नव्हती. आणि मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात, नंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मुंबईचे कायदे तिथे लागू नव्हते. हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. ही चार सालं तक्त्यात वेगळ्या रंगाने टाका.

एक सूचना कळकळीने. मराठवाड्याचा भाग आणि तिथून सुटकेचा प्रसंग फार जड आहे. आदल्या बैठकीत तसं सांगून ठेवा, तो भाग मोठ्याने वाचू नका आणि त्या दिवशी दुसरं काही घेऊ नका.

सांजवाचक

आभार. वाचनालयाच्या यादीत नावाने शोधलं तर फक्त सिनेमाच्या गाण्यांची पुस्तिका सापडतेय.

कोरीपाटी

लेखकाच्या नावाने शोधा, ‘वाडकर, हंसा’. नाही मिळालं तर ‘साधू, अरुण’ पाहा, काही ठिकाणी नोंद शब्दांकन करणाऱ्याच्या नावावर असते. कपाट आत्मचरित्रांचं. मराठी न वाचणारं कुणी गटात असेल तर इंग्रजी अनुवाद आहे, जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांचा, २०१३ चा. पण मोठ्याने वाचायची दोन पानं मराठीतलीच घ्या.