मदत हवी आहे: सांगलीत कुटुंबासाठी घर कुठे बघावं?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही सांगलीला राहायला येतोय. मला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आहे. सोबत सासूबाई आणि आठवीतला मुलगा. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय, त्यामुळे मिरजेची हॉस्पिटलं जवळ, हा मोठाच दिलासा.

वालचंद, विलिंग्डन ही दोन्ही कॉलेजं तिथेच, म्हणून विश्रामबागेत घर बघतेय. पण बहुतेक जागा मुलामुलींना कॉट बेसिसवर दिलेल्या. कुटुंबाला तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेलं घर मिळेल का? आणि शेजारी विद्यार्थीच असतील तर रात्री कितपत शांतता असते? मला मुलांचा गलबला आवडतो, पण सासूबाईंची झोप फार हलकी आहे.

खरी काळजी पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. शामरावनगरात भाडं परवडतंय, एजंट म्हणतो "आता काही होत नाही ताई". मला त्याच्यापेक्षा तुमचा शब्द हवा आहे. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा कोरड्या राहिलेल्या गल्ल्या कोणत्या? नदीचं नाही, पण नुसत्या पावसाचं पाणी कुठे साचून राहतं?

शंभर फुटी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांनी जरूर लिहा. तिथून मुलाला सायकलने शाळेत एकट्याला पाठवता का?