700सी रोडची चाकं हायब्रिडला बसतील का?

घोडबंदर_पेडल:
माझी हायब्रिड सायकल. ॲल्युमिनियम फ्रेम, क्विक रिलीज (खटका उघडला की चाक निघतं), पुढे-मागे डिस्क ब्रेक, 8 स्पीड कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावर 8 दातेरी चकत्या. रविवारी पाम बीचवर ग्रुपबरोबर गेलो की वाशीपासूनच मागे पडतो. सोसायटीतले एक जण रोड बाईकची चाकं काढताहेत, रिम ब्रेकवाली, शिमानो 11 स्पीड हब (चाकाचा मधला भाग). दोन्ही 700सीच आहेत. फक्त ती 8 आणि 11 ची भानगड कशी मिटवायची?

व्हर्नियर_काका:
भानगड तिथे नाहीच. 11 स्पीडच्या रोड हबवर 8 ची कॅसेट मजेत बसते, आधी 1.85 मिमीचा स्पेसर सरकवायचा, झालं. उलटं असतं तर रडला असतास.

700सी म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास, 622 मिमी. 29 इंची एमटीबीचाही, म्हणजे डोंगरी सायकलचाही, तोच. हबबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. वागळे इस्टेटला अख्खी नोकरी लेथवर काढली, तोंडी माप मी मानत नाही. मागचं चाक काढ आणि एका लॉकनटच्या (एक्सलवर हबच्या टोकाला असतो तो नट) बाहेरच्या अंगापासून दुसऱ्याच्या बाहेरच्या अंगापर्यंत मोज. एक्सलची टोकं मोजायची नाहीत. तुझं 135 भरेल, रिम ब्रेकवालं रोडचं 130. पाच मिमीसाठी ॲल्युमिनियमची फ्रेम दाबून बसवायची नाही, स्टीलचे लाड वेगळे.

आणि समज, बसलं. ब्रेक कुठे लावणार? त्या हबला डिस्क अडकवायला जागाच नाही, तुझ्या फ्रेमला रिम ब्रेकची सोय नसणार. सोडून दे.

खारघर_चढ:
काका बरोबर. डिस्कची रोड चाकं शोधायला जाशील तर तीही बहुतेक 142 थ्रू ॲक्सलची निघतील, म्हणजे क्विक रिलीजऐवजी फ्रेममधून आरपार जाणारा जाड दांडा. काही हबना टोकाच्या टोप्या बदलून 135 क्विक रिलीज करता येतं, सगळ्यांना नाही. शिवाय डिस्क हबला सहा बोल्टने लागते की सेंटरलॉकने (मधल्या एकाच रिंगने), तेही बघावं लागतं. त्यापेक्षा टायर बदल ना! बाजूला काय लिहिलंय?

घोडबंदर_पेडल:
मोजलं काका, 135 च. टायरवर 42-622, रिमवर 19-622. त्यांना नाही म्हणून कळवलं.

खारघर_चढ:
मग 32-622 घे, पहिला आकडा रुंदीचा, मिमीमध्ये; 19 च्या रिमवर छान बसतो. गुळगुळीत नक्षीचा घे, आणि ट्यूबही त्याच मापाची. 42 ची जुनी ट्यूब आत कोंबू नकोस, घडी पडते.

व्हर्नियर_काका:
टायर काढलेलाच आहे तर चाक आऊट, म्हणजे वाकडं फिरतंय का, तेही बघून घे. रिम ब्रेक असता तर पॅडला घासून केव्हाच कळलं असतं, डिस्कवाल्यांना महिनोन् महिने पत्ता नसतो. फ्रेमला झिपटाय बांध, टोक रिमजवळ आण आणि चाक फिरव.