आबांचं बिव्हॅक

४०३ : घरगुती विषय सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय, राग मानू नका. आबांचं फेवर लुबा कंपनीचं 'बिव्हॅक' घड्याळ विकायचं ठरवलंय. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे लागणार आहेत. तीन आठवड्यांत चार जण बघून गेले आणि चौघांनी चार भाव सांगितले. ६०१ चे काका, तुम्ही जुनी घड्याळं जमवता, जरा मार्गदर्शन करा. फोटो टाकलेत.

१०४ : ताई, यात तिसरा काटा कसला?

६०१ : तो उंचीचा काटा रे बाळा. हे घड्याळ १९६२ मध्ये आलं. पोटात ॲनरॉइड बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र, असलेलं पहिलं मनगटी घड्याळ. आत हवा काढलेली पातळ पत्र्याची डबी असते. आपण वर चढलो की बाहेरचा दाब कमी होतो, डबी फुगते आणि काटा सरकतो. फेवर लुबा या स्विस कंपनीचा मुंबईशी व्यवहार १८६५ पासूनचा, म्हणून त्यांची 'सी किंग', 'सी चीफ' इथे घरोघरी निघतात. बिव्हॅक मात्र मी आजवर दोनदाच हातात घेतलंय.

४०३ : मी नववीत होते तेव्हा आबांनी कळसूबाईला नेलं. पायथ्याच्या बारी गावात त्यांनी डायलभोवतीचं कडं फिरवून काटा जुळवून घेतला. लोखंडी शिडीपाशी मनगट माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ, हापण चढतोय आपल्याबरोबर." माथा १६४६ मीटर, पण काटा त्याच्याही पुढे गेलेला. मला वाटलं बिघडलं. आबा म्हणाले, "दाब उतरलाय, म्हणून उंची जास्त दाखवतोय. पाऊस येणार." उतरताना चिंब भिजलो.

६०१ : अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. एक विचारू? फोटोत पट्ट्याजवळच्या कडा गोल दिसताहेत. पॉलिश झालंय का?

४०३ : हो काका, तेच सलतंय. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात फक्त सर्व्हिसिंगला दिलं होतं. परत मिळालं ते चकाचक होऊन. पट्टा अडकतो त्या चारही टोकांच्या धारदार कडा वापरलेल्या साबणासारख्या झालेल्या. "पॉलिशचे पैसे नाही लावले मॅडम," म्हणाला. डायलही रंगवायला काढणार होता, ते मी करू दिलं नाही. काल आलेल्या माणसाने त्या कडांवरून बोट फिरवलं आणि भाव निम्म्यावर आणला.

६०१ : घासून गेलेलं पोलाद परत येत नाही, वाईट वाटतं. पण डायल वाचवलंस हे फार मोठं काम केलंस. डाग असू देत, पिवळेपणा असू दे. आकडे अंधारात चमकत नाहीत ना? नकोतच चमकायला. त्या काळी ट्रिटियमचा किरणोत्सारी रंग वापरायचे, साधारण १२ वर्षांत त्याचं तेज निम्मं होतं. साठ वर्षांचे आकडे आज लख्ख उजळले तर समजायचं, नंतर कुणीतरी रंगवलेत. जुनं यंत्र, नवा रंगवलेला डायल आणि मिळेल ते कडं अशा जुळणीला परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं घेतलेलं मला सहन होत नाही.

५०२ : भावजी, आमच्या ह्यांचं एचएमटी जनता आहे, लग्नातलं. त्याला काही येईल?

६०१ : वहिनी, एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर करार करून घड्याळं काढली. लाखोंनी खपली, त्यामुळे भाव फार नाही. विकू नका. रोज चावी द्या, छान चालेल.

२०२ : ताई, सीए म्हणून सांगते. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. बँकेतूनच घ्या आणि साध्या कागदावर विक्रीची पावती करा.

१०४ : आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. "क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" म्हणणारा चोर समजा.

४०३ : तसा एक भेटला होता! बरं काका, बंगळूरचे एक गृहस्थ मनापासून घ्यायला तयार आहेत. बॅरोमीटर जिवंत आहे याचा पुरावा मागताहेत. गच्चीवर नेऊन बघितलं, काटा जेमतेम थरथरतो.

६०१ : सात मजल्यांनी काय होणार! लोणावळ्याला जा. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. बँकर, म्हणजे घाट चढायला मागून लावायचं जादा इंजिन, जोडायला पुष्कळ गाड्या कर्जतला थांबतात, तिथे पाटी बघून कडं जुळव. मग घाटभर व्हिडिओ चालू ठेव. लोणावळ्याला ६०० मीटरच्या वर जाशील. शेवटी घड्याळ आणि पाटी एकाच फोटोत घे. एवढं दाखवलंस तर पॉलिशचं रडगाणं लावून कुणी निम्मा भाव करणार नाही.

१०४ : ताई, रविवारी मी येतो. एकाने घड्याळ धरायचं, एकाने मोबाईल.

४०३ : ये रे. सकाळची गाडी बघते. काका, भिंग घेऊन तुम्हीही चला ना. आईला आत्ताच सांगितलं. म्हणाली, घाटात काटा हलला की मला फोन लाव.