शाळेतला राष्ट्रीय दिन: तुमचा अनुभव काय?

मुलीच्या सरकारी शाळेत पालकसभा झाली. राष्ट्रीय दिनाला नुसती सुट्टी द्यावी की मुलांना बोलावून कार्यक्रम करावा, यावर बराच वाद झाला. माझं मत: कार्यक्रम जरूर व्हावा, सक्ती नको. विद्यार्थी, शिक्षक, पालक म्हणून तुम्ही काय पाहिलंत ते सांगा.

~

मी प्राथमिक शिक्षिका. पाहुणे उशिरा येतात, मुलं उन्हात ताटकळतात आणि भाषणं मुलांसाठी नसतातच. एका वर्षी आम्ही भाषणांना फाटा दिला. चौथीच्या मुलांना सांगितलं, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी शाळेत हा दिवस कसा साजरा व्हायचा? एकाने वहीच्या फाडलेल्या पानावर आजोबांचं उत्तर आणलं: 'आम्हाला शाळाच नव्हती.' मग प्रश्नांची सरबत्ती! का नव्हती? कधी आली? पैसे कोणी दिले? अख्खा तास त्यातच गेला. देशाबद्दल मुलं इतकी पोटतिडकीने बोलताना मी एरवी पाहिली नाहीत.

~

मी अभ्यासात मागे, पण बँडपथकात ड्रम माझ्याकडे. त्या दिवशी सगळी शाळा माझ्या ठेक्यावर पावलं टाकायची. कृपा करून हे बंद करू नका.

~

आमच्या श्रद्धेत राष्ट्रगीत गात नाहीत. मी सावधान उभी राहायचे, फक्त ओठ मिटलेले. बाईंनी सगळ्यांदेखत रांगेबाहेर काढलं. केरळमधल्या तीन भावंडांना याच कारणावरून शाळेतून काढलं होतं. १९८६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, कारण ती आदराने उभी राहत होती. अमेरिकेत तर १९४३ मध्येच, ऐन महायुद्धात, सर्वोच्च न्यायालयाने शाळेतली ध्वजवंदनाची सक्ती घटनाबाह्य ठरवली. हे निकाल प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत हवेत.

~

वडील युद्धात गेले. दरवर्षी मला स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवायचे. मला मैत्रिणींसोबत खाली बसायचं असायचं. नववीत एका सरांनी पहिल्यांदा विचारलं, "येशील का गं?" नाही म्हटलं, तर त्यांनी यादीतून नाव खोडलं आणि कारणही विचारलं नाही.

~

ताई, तुमचं वाचून आमच्या मुख्याध्यापकांशी बोललो. यंदा स्टेजवर बोलवायच्या प्रत्येक मुलाला आणि घरच्यांना आधी विचारणार आहेत. गायचं नसेल त्याने नुसतं उभं राहावं, हेही सूचनेत लिहून घेतलं.