प्रतिसाद: सांध्यांपुरता नाही हो

वर कुणी म्हटलंय, 'आमवात म्हणजे सांधेच ना, बाकी शरीराला काय धाड भरलीय?' भरते हो. आमच्या आईचंच सांगते (इंदूर, रामबाग), तिला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. बोटांची सूज गोळ्यांनी आटोक्यात आली, पण पोह्यांवरची शेव पाण्याच्या घोटाशिवाय गिळवेना. इंदुरात राहून! डोळ्यांत सारखी वाळू गेल्यासारखं. आम्ही वयावर ढकललं. संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांसारखी लाळेच्या नि अश्रूंच्या ग्रंथींवरही उलटते. कोपराजवळच्या गाठी, रक्त कमी होणं, हेही त्यातलंच. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. कोरडा खोकला हटत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल तर फुप्फुसं तपासून घ्या. आणि डोळा लाल होऊन ठणकायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.